हातदोष

माझी धाकटी बहीण जाऊन आता दोन वर्षं होतील. तिच्याबद्दल लिहायला बसले की लहानपणचंच आधी आठवतं. ती माझ्या पाठीवर सात वर्षांनी झाली. तिची वेणी मी घालायची, तिचं नाक मी पुसायचं, शाळेत तिच्या खोड्यांची बोलणी मी खायची. पण आज ते नको. आज मला जे सांगायचं आहे ते मी आयुष्यात फक्त चार माणसांना सांगितलं, आणि त्या चारांतलं आता कुणीही उरलेलं नाही.

मी एकतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर काम केलं. रक्त कसं गोठतं याचा अभ्यास करणारी ती प्रयोगशाळा. मी डॉक्टर नव्हे, हाताने काम करणारी. सकाळी साडेसातला बर्फाचा डबा घेऊन खाली बाळंतिणींच्या विभागात जायचं, आणि ज्या आयांनी हो म्हटलं असेल त्यांच्या बाळांच्या नाळा घेऊन वर यायचं. नाळ म्हणजे लोकांच्या लेखी टाकून द्यायची वस्तू. आमचं सगळं काम तिच्यावर चाले. वीतभर तुकडा घ्यायचा, त्यातली शीर मिठाच्या पाण्याने धुवायची, मग पेशी सुटाव्यात म्हणून एक औषध आत भरून दोन्ही टोकं बांधायची आणि पंधरा मिनिटं अंगाइतक्या कोमट पाण्यात ठेवायची. हलक्या हाताने चोळलं की शिरेचं आतलं अस्तर सुटून येई. त्या पेशी चपट्या काचेच्या बाटलीत, गुलाबी पाण्यात वाढवायच्या. पाचव्या-सहाव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बघावं, तर एखाद्या कसबी गवंड्याने फरशी बसवावी तशा एकमेकींना खेटून बसलेल्या असत.

"बसमधल्या बायकांसारख्या," आमच्यातली एक म्हणायची, "फक्त भांडत नाहीत एवढंच." तिला सगळे चष्मेवाली म्हणत. हाताने काम करणाऱ्या आम्ही तिघी, आणि चष्मा तिघींनाही होता, पण तिचा सारखा हरवायचा आणि सापडायचा तिच्याच डोक्यावर.

या पेशींचं कौतुक एवढ्यासाठी, की रक्त गोठायला मदत करणारं एक प्रथिन त्या तयार करतात आणि तांदळाच्या दाण्यांसारख्या लांबट पुड्यांत भरून ठेवतात. कुठे कापलं-खरचटलं की पुड्या उघडतात, प्रथिन लांब दोऱ्यासारखं बाहेर पडतं, आणि वाहत्या रक्तातल्या प्लेटलेट येऊन त्याला चिकटतात. त्यांच्याही पोटात त्याच दोऱ्याची शिदोरी असते. चिकटल्या की त्याही ती सोडतात, मग पुढच्या येतात, आणि भोक बुजतं. प्रथिनाला एका परदेशी डॉक्टरचं, जीभ अडखळवणारं नाव आहे. आम्ही आपलं दोरा म्हणायचो. आमच्या सरांचा अर्धा जन्म एकाच प्रश्नात गेला: दोरा सोड, असं पेशीला कोण सांगतं, आणि आता पुरे, असं कोण? विनाकारण सुटला तर चालत्याबोलत्या माणसाचं रक्त आतल्या आत गोठायचं. वेळेला सुटला नाही तर साध्या जखमेचं निमित्त व्हायचं.

म्हणून आम्ही बाटलीतल्या पेशींना खोटीच वर्दी द्यायचो. एका औषधाचा थेंब टाकला की त्यांना वाटे जखम झाली, आणि त्या दोरा सोडत. मग ते पाणी छोट्या छोट्या खळग्यांच्या पट्टीत घालून तपासायचं. दोरा असेल तर खळगा पिवळा होई. जितका जास्त दोरा, तितका गडद रंग.

सर हुशार होते आणि तिखट होते. त्यांचं एक वाक्य आम्हाला पाठ होतं: "पेशी खोटं बोलत नाहीत. खोटं बोलतात ते हात." एखाद्या बाटलीने काहीच दिलं नाही तर ती ओतून द्यायची आणि वहीत शेवटच्या रकान्यात लिहायचं, हातदोष. महिन्याअखेर सर तो रकाना मोठ्याने वाचत. कुणाचे किती ते सगळ्यांसमोर. चष्मेवाली हसून घालवायची. मला ते जमत नसे. अकरा वर्षांत माझ्या नावावर दोन हातदोष होते, आणि त्याची मला घमेंड होती.

धाकटीला दिवस राहिले तेव्हा तिचं नाव आमच्याच इस्पितळात घातलं. मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, तुझ्या बाळाची नाळ मी घेणार.

"म्हणजे माझ्या लेकराची नाळ तू बरणीत घालणार?" ती म्हणाली. "लोणचं मुरवतेस की काय?"

"लोणचं नाही गं. शेती करते."

"मग पीक आलं की निम्मा वाटा माझा. आणि वाढवायचंच असेल तर बुद्धीचं काहीतरी वाढव, ताई. बापाकडून फार आशा नाही."

मेहुणे शेजारीच उभे होते. "हो ना," ते म्हणाले, "बुद्धी असती तर पळालो नसतो का?" ते दिवस असे होते.

मुलगी झाली. गुटगुटीत, गुलाबी, आल्या आल्या सगळ्यांना दम देणारी. आम्ही तिला पिटुकली म्हणायला लागलो. मी डबा घेऊन वर गेले तेव्हा जिना चढतेय असं वाटतच नव्हतं.

आता नियम असा होता की तीन नाळांच्या पेशी एकत्र करायच्या. एकेकीत फरक असतो, तिघींची मिळून सरासरी बरी येते. त्या दिवशी मी नियम मोडला. पिटुकलीच्या पेशी मी वेगळ्या ठेवल्या, स्वतंत्र बाटलीत. कारण काही नव्हतं, नुसती माया. माझ्या भाचीच्या पेशी मला दुसऱ्या कुणात मिसळायच्या नव्हत्या. रोज सकाळी आल्यावर आधी तीच बाटली बघायची. "वाढली का भाची?" चष्मेवाली विचारायची. वाढत होती. सहाव्या दिवशी अशी फरशी बसली होती की तशी मी नंतर क्वचितच बघितली.

आठव्या दिवशी मी तिला वर्दी दिली. औषधाचा थेंब टाकला, अर्धा तास थांबले, पाणी काढलं, पट्टी लावली. बाकीचे खळगे पिवळे झाले. पिटुकलीचे खळगे पाण्यासारखे राहिले.

मला वाटलं थेंब टाकायचा राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, मोजूनमापून. पुन्हा पाणी. थेंब न टाकताही पेशी थोडा दोरा सांडतच असतात. इथे तेवढासुद्धा नव्हता.

त्या क्षणी मी काय काय विचार केला ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. पट्टीत दोष नाही, कारण बाकीचे खळगे ठीक आहेत. पेशी मेलेल्या नाहीत, समोर दिसताहेत. म्हणजे मीच कुठेतरी चुकले. औषध जास्त वेळ ठेवलं असेल, धुताना काही गेलं असेल. वेगळी ठेवली ना, नियम मोडला ना, भोग आता. या बाटलीला सांगायचंच काही नाही, असं कसं होईल? प्रत्येक नाळेत दोरा असतोच. आणि सरांना विचारायचं म्हणजे आधी हे सांगायला हवं होतं की भाचीची म्हणून मी ती वेगळी ठेवली. सगळ्यांसमोर ते वाचलं जाईल या कल्पनेनेच माझे कान तापले. मी बाटलीत ब्लीच ओतलं, बाटली रिकामी केली आणि वहीत लिहिलं, हातदोष. अक्षर नेहमीसारखं सुरेख.

पिटुकली वाढत होती. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत धाकटी, मेहुणे आणि तिच्या सासूबाई राहत. मी दर रविवारी जायची. मुलीला काखेत धरून उचललं की दुसऱ्या दिवशी तिथे निळं दिसायचं. धाकटीने मला दाखवलं होतं. "कातडी नाजूक आहे, दिसतंच," मी म्हटलं. रक्ताच्या प्रयोगशाळेत काम करणारी मोठी बहीण असं म्हणाल्यावर तिने आणखी कुणाला विचारायचं?

आठव्या महिन्यात, एका मंगळवारी दुपारी, पिटुकली पलंगावर झोपली होती. स्वयंपाकघरात नळ चालू राहिल्याचा आवाज आला म्हणून धाकटी उठली. नळ बंद करून दोन मिनिटांत परत आली, तोवर मुलगी कुशीवर वळून खाली आली होती. पलंग गुडघ्याइतकाच उंच. रडली, गप्प झाली, दूध प्यायली. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं संपलं.

मुलांच्या विभागातले डॉक्टर मला व्हरांड्यात भेटले. मी इस्पितळातली, म्हणून ते थोडं मोकळं बोलले. "डोक्यात रक्तस्राव झाला. हातावर सुई टोचली तिथूनसुद्धा थेंब थांबेना. मार लागल्यावर असं होतं कधी कधी." आणि ते पुढे गेले.

मी तिथेच उभी राहिले. मला ते कोरे खळगे दिसत होते. मी वर गेले, वही काढली, माझं सुरेख अक्षर वाचलं. पिटुकलीच्या अंगात दोरा नव्हताच. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नव्हता, म्हणजे प्लेटलेटच्या पोटातही नसणार. बाटली खरं तेच सांगत होती, दोनदा सांगत होती. तो दोरा असलेलं रक्तद्रव तळमजल्यावरच्या रक्तपेढीत, गोठवलेल्या पिशव्यांमध्ये, हारीने लावून ठेवलेलं होतं. आधी माहीत असतं तर पडल्या पडल्या ती पिशवी लावली असती. माझ्या टेबलापासून तीन जिने खाली.

मी वही मिटली आणि खाली जाऊन धाकटीजवळ बसले. काही बोलले नाही.

त्याच संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "पलंगावरून सगळीच मुलं पडतात. जरा लक्ष ठेवायचं." पुन्हा त्या हे कधी बोलल्या नाहीत. वाईट बाई नव्हत्या. पण एकदा पुरे होतं. मेहुणे तर काहीच बोलले नाहीत. तो विनोद करणारा माणूस नुसता कामावर जायचा आणि यायचा. धाकटी जमिनीवर झोपायला लागली. पाण्याचा आवाज आला की दचकायची. मी रविवारी जाऊन तिच्या डोक्याला तेल लावायची आणि म्हणायची, "होतं असं. कुणाचा दोष नसतो." हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेन! दरवेळी वाटे की पुढचं वाक्य येईल. ते आलं नाही. पुढच्या रविवारी सांगू, तिला जरा सावरू दे, आता सांगून मूल परत येणार आहे का – अशी कारणं मला कधी कमी पडली नाहीत.

असे चौदा महिने गेले. मग एक दिवस धाकटी दुपारी प्रयोगशाळेत आली. पिटुकली गेल्यानंतर ती इस्पितळाची पायरी चढली नव्हती. माझ्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसली.

"चौथा महिना," ती म्हणाली.

मी हातातली बाटली टेबलावर ठेवली.

"आनंद झाला नाही का तुला?"

"झाला गं. झाला."

"मी ह्यांना सांगून टाकलंय, घरातला पलंग काढा. आणि वर्षभर मी बाळाजवळून उठणार नाही. नळ वाहिला तर वाहू दे, घर बुडालं तरी चालेल. यावेळी मी काही होऊ देणार नाही, ताई."

ती हसत होती. पंचवीस वर्षांची ती, पण तिच्या भांगाजवळ पांढरं दिसत होतं. ती गेल्यावर मी वही घेतली आणि सरांच्या खोलीत गेले.

सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"दुसऱ्यांदा लावून बघितलंस?"

"हो."

"पेशी कशा होत्या?"

"फरशीसारख्या. एक फट नव्हती."

त्यांनी वहीतली ती ओळ बराच वेळ वाचली. मला वाटलं आता ओरडतील. मी त्यासाठीच गेले होते, असंही म्हणता येईल.

"मला का नाही विचारलंस?" ते हळू म्हणाले, आणि मी उत्तर द्यायच्या आत त्यांनीच हात वर केला. "राहू दे. माहितीय मला." मग म्हणाले, "ज्या घरात एक मूल असं झालं तिथे पुढच्याला चारात एक धोका. आईबापांना काहीच त्रास नसतो, दोघांकडे निम्मा निम्मा दोरा असतो, म्हणून कळत नाही. दोघांचं रक्त आण. आणि बहिणीला सांग. आजच."

"सर, तुम्ही चला ना बरोबर."

"नाही. हे तुझं तूच करायला हवं."

नंतर पाहिलं तर वहीतल्या त्या रकान्याचं नाव त्यांनी खोडलं होतं आणि वर लिहिलं होतं, कारण माहीत नाही. पुढे माझ्या निवृत्तीपर्यंत तेच राहिलं.

मी संध्याकाळी धाकटीकडे गेले. ती स्वयंपाकघरात खाली बसून शेंगा सोलत होती. बाहेरच्या खोलीत मेहुणे वर्तमानपत्र वाचत होते, सासूबाई विणकाम घेऊन बसल्या होत्या. मी धाकटीसमोर बसले. दोन शेंगा सोलल्या. मग म्हटलं, "पिटुकली पडली म्हणून गेली नाही."

तिने मान वर केली नाही. "म्हणजे?"

मी सांगितलं. नाळ, वेगळी बाटली, कोरे खळगे, ब्लीच, वही. तिला समजेल अशा शब्दांत, न थांबता. थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"कधी कळलं तुला?"

"ती गेली त्या दिवशी. डॉक्टर सुईचं बोलले तेव्हा."

"त्याच दिवशी."

"हो."

"चौदा महिने." ती मोजत नव्हती. तिला दिवससुद्धा माहीत असणार. "चौदा महिने तू दर रविवारी येत होतीस. माझ्या हातचा चहा पीत होतीस. मी रोज स्वप्नात उठून तो नळ बंद करत होते, ताई. रोज. कधी धावत यायची, कधी उठायचीच नाही, कधी तिला कडेवर घेऊन जायची. आणि तू माझ्या डोक्याला तेल लावून म्हणायचीस, कुणाचा दोष नसतो."

"तुझा खरंच दोष –"

"माझा नव्हता हे तुला माहीत होतं! मला कुठे माहीत होतं?"

बाहेर वर्तमानपत्राची सळसळ थांबली.

"बाटलीत चुकलं ते मी समजू शकते," ती हळू आवाजात म्हणाली. "माझं दूध उतू जातं, तुझं ते गेलं. तू काय मुद्दाम केलंस? पण पुढचं चुकलं नाही. पुढचं तू केलंस."

मी मान हलवली. कबूलच करायला आले होते.

मग तिने विचारलं, "तू ओतून दिल्यास तेव्हा त्या पेशी जिवंत होत्या?"

"हो."

तिने डोळे मिटले. मग शेंगांची परात बाजूला सारली आणि भिंतीला धरून उठली.

"ऊठ. बाहेर दोघं बसलेत. त्यांना सांग. मला सांगितलंस तस्संच. एक शब्द गाळू नकोस."

मी बाहेरच्या खोलीत उभी राहून पुन्हा सगळं सांगितलं. धाकटी दाराच्या चौकटीत उभी होती, पोटावर हात ठेवून. मी एके ठिकाणी अडखळले, ब्लीचपाशी, तर ती म्हणाली, "पुढे."

सासूबाईंनी सुया मांडीवर ठेवल्या. "म्हणजे पडली नसती तरी?"

"दात येताना, चालायला शिकताना, कधीतरी झालंच असतं, काकू. माहीत नसतं तर झालंच असतं."

"आणि माहीत असतं तर?"

"तर बहुतेक वाचली असती."

"मग अगं तू –"

"आई, पुरे," मेहुणे म्हणाले. ते धाकटीकडे बघत होते. "मी तुला कधी एका शब्दाने बोललो का?"

"नाही बोललात. तेच तर. बोलला असतात तर भांडले असते मी. मला कुणाशीतरी भांडायचं होतं हो."

मेहुणे उठले, तिच्यापर्यंत गेले आणि तिथे नुसतेच उभे राहिले, काय करायचं ते विसरल्यासारखे. सासूबाईंचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. "मी बोलले होते," त्या म्हणाल्या. "त्या संध्याकाळी. मला वाटलं तू विसरलीस."

"नाही विसरले."

"हं. कसं विसरशील?" त्यांनी विणकाम उचललं, पण एक टाकाही घातला नाही.

मला कुणी जा म्हटलं नाही आणि बसही म्हटलं नाही. मी चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी मेहुण्यांनी दोघांचं रक्त द्यायला धाकटीला आणलं. सुई दुसऱ्या मुलीने टोचली. दोघांकडे दोरा निम्मा होता, सर म्हणाले तसाच. पुढचे पाच महिने धाकटी माझ्याशी गरजेपुरतं बोलली. तारीख काय, डॉक्टर काय म्हणाले, पिशव्या ठेवल्यात का. रविवारी जाणं थांबलं. "तू येऊ नकोस" असं ती म्हणाली नव्हती. मीच गेले नाही.

बाळंतपणाच्या दिवशी रक्तपेढीतल्या पिशव्या खोलीबाहेर तयार ठेवल्या होत्या. बाळाला सुई टोचायची नाही, ओढायला चिमटा लावायचा नाही, सगळ्यांना बजावलेलं होतं. मी दाराशी उभी होते. कळांमध्ये मध्येच तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तपासायला रक्त घे. नाळ घेऊ नकोस."

मुलगा झाला, सकाळी नऊच्या सुमारास. नाळेतलं रक्त नळीत घेतलं आणि मी जिना चढले. सर माझ्या टेबलाशी येऊन थांबले होते. मी पट्टी त्यांच्यापुढे सरकवली.

"मी नाही," ते म्हणाले. "तूच लाव."

"हात चुकला तर, सर?"

"म्हणून तर दोनदा लाव."

चार तास लागले. शेवटचा थेंब टाकल्यावर मी खळग्यांकडे बघितलंच नाही, खिडकीबाहेर बघत राहिले. समोरच्या गच्चीवर एक बाई चादरी वाळत घालत होती. एक, दोन, तीन. मग सरांनी माझ्या खांद्याला हात लावला. खळगे पिवळे होत होते. आधी फिकट, मग हळदीसारखे, मग त्याहून गडद. दोन्ही ओळींत.

मी खाली गेले. धाकटी उशीला टेकून बसली होती, मुलगा तिच्या कुशीत होता, मेहुणे खुर्चीच्या काठावर.

"रंग आला," मी म्हटलं. "चांगला गडद. त्याला काही नाही."

मेहुण्यांनी दोन्ही हातांत तोंड लपवलं. धाकटीने मुलाच्या कपाळावर बोट फिरवलं.

"नक्की? हात चुकला नसेल ना?"

"दोनदा लावलं. सरांनी स्वतः बघितलं."

"बरं."

मेहुणे सासूबाईंना आणायला म्हणून गेले. जाताना माझ्यासमोर क्षणभर थांबले, मान हलवली, आणि गेले. मी त्या खुर्चीत बसायला लागले तर धाकटी म्हणाली, "ताई, आता तू जा."

"जरा वेळ बसते. तू एकटी –"

"नको." तिच्या आवाजात धार नव्हती. फार दमली होती. "मला तिच्यासाठी रडायचंय. इतके दिवस मी रडले ती स्वतःला शिव्या देत. तिच्यासाठी एकदाही रडले नाही. आणि तू समोर असलीस की मला तुझा राग येतो, मग तेही जमत नाही."

मी उठले. मुलाचा एक पाय पांघरुणाबाहेर आला होता, तो झाकावासा वाटला, पण हात पुढे केला नाही. बाहेर येऊन दार ओढून घेतलं. व्हरांड्यात बाक होता. तिथे बसले असते तर आतलं ऐकू आलं असतं, म्हणून मी जिन्याकडे चालू लागले.